मालिका लिहिणाऱ्यांनो, स्मृती अशी जात नाही

प्रति,
मराठी मालिकांच्या कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारे सर्व लेखक-लेखिका

सप्रेम नमस्कार.

मी एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात मानसतज्ज्ञ आहे. अपघात, पक्षाघात, मेंदूज्वर किंवा नुसतं वय, यांपैकी कशानं तरी ज्यांची स्मृती अधू झाली अशी माणसं आणि त्यांचे घरचे, हे माझं रोजचं काम. तुमच्या मालिका मी आवडीनं बघते आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींशी त्यावर वादही घालते. तेव्हा ही तक्रार एका प्रेक्षकाचीच समजा.

तक्रार त्या एका ट्रॅकबद्दल आहे. नायिका जिन्यावरून पडते. (कुणी ढकललं ते आपल्याला ठाऊक असतं.) कपाळाला पांढरी पट्टी, डोळे उघडते आणि नवऱ्याला विचारते, "आपण कोण?" तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, माहेर आठवत नाही, लग्न आठवत नाही. पण कालच भेटलेल्या देखण्या डॉक्टरचं नाव आज तिच्या बरोबर लक्षात असतं. मग कित्येक भाग उलटतात आणि गणपतीच्या महाएपिसोडला डोक्यावर पुन्हा काहीतरी आपटतं. सगळं जसंच्या तसं परत! ढकलणारीचा चेहरासुद्धा.

करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. तर माझ्याकडे काय घडतं ते ऐका. डोक्याला मार लागलेला एक तरुण बरा होऊन घरी जातो. मित्रांना नावानं हाक मारतो, कॅरम पूर्वीसारखाच खेळतो, कॉलेजचे किस्से रंगवून सांगतो. मात्र सकाळी सांगितलेलं काम दुपारी त्याच्या लेखी कुणी सांगितलेलंच नसतं. गॅसवर दूध ठेवतो आणि विसरतो. आई म्हणते, "पहिलीतल्या बाईंचं नाव आठवतं, मग हेच कसं आठवत नाही?" वडील त्याहून स्पष्ट बोलतात: "सोंग आहे. कामाला जायला नको म्हणून." दुसऱ्या घरात सासरे पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतात, आरत्या एकही ओळ न चुकता म्हणतात, आणि ताट उचलल्यावर दहा मिनिटांत सांगतात की मला कुणी जेवायला दिलं नाही. सून बिचारी रडकुंडीला आलेली. तिला वाटतं, आपली बदनामी करायला मुद्दाम बोलतात.

या सगळ्यांच्या मनात स्मृती ही एकच वस्तू आहे. असली तर सगळी असते, गेली तर सगळी जाते, आणि थोडी गेली असं कुणी म्हणत असेल तर तो नाटक करतोय. ही समजूत तुम्हीच जन्माला घातली असं मी म्हणणार नाही. पण रोज रात्री तिला खतपाणी कुठून मिळतं ते दोघांनाही माहीत आहे.

आधी डोक्याला मार लागल्यावर खरोखर काय होतं ते सांगते. जबर मार बसलेला माणूस शुद्धीवर येतो, बोलायला लागतो, बायकोला ओळखतो, चहा मागतो. तरीही पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे, त्याच्या डोक्यात नवं काही नोंदलं जात नाही. बहीण भेटून जाते आणि तासाभरानं तो विचारतो, ती अजून कशी आली नाही? हा काळ किती लांबला यावरूनही डॉक्टर इजा किती गंभीर ते ठरवतात. पुढे नोंद पुन्हा सुरू होते, पण मधले दिवस कोरेच राहतात. अपघाताच्या आधीचाही एक तुकडा गायब असतो. तो हळूहळू आक्रसत जातो, आठवड्यांचा दिवसांवर, दिवसांचा तासांवर येतो. मात्र धडकेच्या लगेच आधीची मिनिटं बहुतेकांना कधीच परत मिळत नाहीत. ती लपून बसलेली नसतात. अनुभव मेंदूत पक्का व्हायला वेळ लागतो आणि तो वेळच त्याला मिळालेला नसतो. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांना मी हे अनेकदा समजावलं आहे. म्हणजे बघा, तुमच्या महाएपिसोडमध्ये नायिकेला जे सगळ्यात ठळक आठवतं, जिन्यावरचा तो क्षण आणि तो चेहरा, नेमकं तेच परत येण्याची आशा सगळ्यात कमी.

आणि स्वतःचं नाव? ते शेवटी जातं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यानं 1881 मध्येच नोंदवून ठेवलं होतं की मेंदूच्या विकारात नवं आधी पुसलं जातं आणि जुनं मागे राहतं. सासऱ्यांचे पाढे शाबूत आणि दुपारचं जेवण गायब, ते यामुळेच.

दुसऱ्या दणक्याबद्दलही एकदा बोलून टाकते. ही कल्पना तुमची नाही, ती दोनशे वर्षं जुनी आहे. मेंदूचे दोन सारखे अर्धे भाग समतोलात असले पाहिजेत, एका बाजूला मार बसून तो बिघडला तर दुसऱ्या बाजूच्या मारानं सुधारू शकेल, असा तर्क झेवियर बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं केला होता. बिशा 1802 मध्ये वारला. तर्क चुकीचा ठरला, पण कथांमध्ये मात्र चिरंजीव झाला. वस्तुस्थिती अशी की पहिली इजा भरून येण्याआधी डोक्याला दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

आता ज्या माणसामुळे हे सगळं शास्त्र उभं राहिलं त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणालाही त्याची गोष्ट ऐकून हेवा वाटावा.

हेन्री मोलाइसन, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. लहानपणापासून आकडीचा त्रास, आणि पुढे तो इतका वाढला की कामावर जाणं अशक्य झालं. 1953 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, हार्टफर्डच्या रुग्णालयात विल्यम स्कोविल या शल्यविशारदानं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा तुकडा होता. तो भाग नेमकं काय करतो हे तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं. आकडी बरीच कमी झाली. आणि हेन्री त्या दिवसापासून नवीन काही लक्षात ठेवू शकला नाही. पुढची 55 वर्षं, 2008 मध्ये मरेपर्यंत.

माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येऊ लागली. तिचा आणि स्कोविलचा निबंध 1957 मध्ये छापून आला आणि मेंदूविज्ञानात खळबळ उडाली. कारण हेन्रीची बुद्धी शाबूत होती, बुद्ध्यांक सरासरीपेक्षा जास्तच निघाला. भाषा, विनोद, सभ्यपणा, सगळं जागच्या जागी. स्वतःचं नाव, आईवडील, बालपणीचं गाव त्याला ठाऊक होतं. बोलता बोलता सांगितलेलं वाक्य तो समजून उत्तर देत होता. फक्त मिल्नर खोलीबाहेर जाऊन परत आली की त्याच्या लेखी ती नवखी बाई असायची.

एकदा तिनं त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि ती निघून गेली. परत आली तरी त्याच्याकडे आकडा होता. इतका वेळ तो मनात आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत तो धरून बसला होता. मग विषय बदलला आणि काही क्षणांत आकडा गेलाच, पण आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं. यातून एक फट उघड झाली. हातातलं काम होईपर्यंत आकडा, वाक्य, पत्ता मनात धरून ठेवणारी स्मृती वेगळी, तिला हिप्पोकॅम्पसची गरज पडत नाही, मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांवर ती चालते. ती टिकवून पुढे पक्की करणारी यंत्रणा वेगळी. पुढे 1970 मध्ये लंडनच्या शॅलिस आणि वॉरिंग्टन यांना याच्या अगदी उलट रुग्ण सापडला: दोनच आकडे ऐकून परत म्हणता येत, पण दिवसभरातल्या घडामोडी नीट लक्षात राहत. एक बिघडूनही दुसरी चालते आणि दुसरी बिघडूनही पहिली, असं दोन्ही बाजूंनी दिसलं तेव्हा दोन यंत्रणा आहेत याची खात्री पटली.

मिल्नरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मात्र पुढचा आहे. तिनं हेन्रीला एका चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला सांगितली, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. करून पाहा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. हेन्रीनं तीन दिवस सराव केला आणि रोज तो सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी रेघ जवळजवळ बिनचूक. हे काम आपण यापूर्वी कधी केलं आहे याची मात्र त्याला काडीइतकी आठवण नव्हती. इतकं सोपं जमलं याचंच त्याला नवल वाटलं.

लेखक म्हणून तुम्ही इथे थांबून विचार करा. हात शिकले आणि माणसाला ते कळलं नाही!

कौशल्यं आणि सवयी मेंदूत दुसरीकडे मुरतात: खोल गाभ्यातल्या बेसल गँग्लियामध्ये आणि मागच्या छोट्या मेंदूत. कंपवातात बेसल गँग्लियाचं काम बिघडतं. 1996 मध्ये काही संशोधकांनी पत्त्यांसारखी चित्रं दाखवून 'ऊन की पाऊस' हे ओळखण्याचा खेळ दिला. त्यात नियम सांगितलेला नसतो, खेळून खेळून अंदाज पक्का होतो. स्मृती गेलेले रुग्ण हा खेळ शिकले, पण आपण काय खेळलो ते त्यांना सांगता येईना. कंपवाताच्या रुग्णांना खेळ नीट आठवत होता, पण त्यात प्रगती होत नव्हती. पुन्हा तीच दोन्ही बाजूंची साक्ष.

तेव्हा तुमची नायिका स्मृती जाऊनही नऊवारी नेसते आणि मोदकाच्या पाऱ्या झरझर पाडते, तिथे तुम्ही न कळत अगदी बरोबर असता. फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच दृश्यात तिला स्वतःचं नाव माहीत नसतं. उलट करून बघा. नाव ठाऊक, नवरा ठाऊक, मोदक सुरेख, आणि आज चतुर्थी आहे हे सकाळपासून चारदा सांगूनही तिला पहिल्यांदाच कळतंय.

इंग्लंडमधले संगीततज्ज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना 1985 मध्ये विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. त्यानंतर त्यांची आठवण अर्ध्या मिनिटापलीकडे टिकेना. वहीत ते पुन्हा पुन्हा लिहीत की मी आत्ताच जागा झालो, आणि आधीची तीच नोंद खोडून टाकत. पण पियानोसमोर बसले की वाजवत, गायकांच्या वृंदाला हातांनी दिशा देत. आणि बायको खोलीत आली की दरवेळी, म्हणजे ती पाच मिनिटांपूर्वी बाहेर गेलेली असली तरी, कित्येक वर्षांनी भेटल्यासारखा त्यांना आनंद होई. इतक्या भयानक विस्मरणातही बायको कोण ते त्यांना माहीत होतं. "आपण कोण?" हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नाही.

भावनेची बाजू तर तुमच्या हातात पडली तर सोनं होईल. जिनिव्हाचे एक डॉक्टर, क्लापारेड. त्यांची एक रुग्ण त्यांना रोज नव्यानं ओळख करून द्यायला लावायची. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिनं आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. टाचणी टोचल्याची आठवण नव्हती, डॉक्टरांची ओळखही नव्हती. हे त्यांनी 1911 मध्ये लिहिलं. (आजच्या नैतिकता समितीनं त्यांना दारातच अडवलं असतं, ते सोडा.) त्याचं उत्तर 1995 मध्ये आणखी स्पष्ट झालं. तीन रुग्ण घेतले. विशिष्ट रंग पडद्यावर आला की जहाजाचा कर्कश भोंगा वाजवायचा. ज्याचा हिप्पोकॅम्पस गेला होता त्याला रंग दिसताच तळहाताला घाम फुटू लागला, पण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते सांगता आलं नाही. जिचा अमिग्डाला, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या पुढ्यातला बदामाएवढा भाग, गेला होता तिनं सगळं अचूक सांगितलं, पण तिला घाम मात्र फुटला नाही. ज्याचे दोन्ही गेले होते त्याला ना सांगता आलं, ना भीती वाटली.

मग ढकलणारी बाई नायिकेसमोर हसत, शिऱ्याची वाटी घेऊन येते तेव्हा काय दाखवायचं ते मी कशाला सांगू? डोक्यावर पंखा पाडायची गरजच उरत नाही. अर्थात न्यायालयात त्याचा उपयोग शून्य, आणि तुमचे पुढचे साठ भाग तिथेच आहेत. वॉर्डातही हे रोज दिसतं. ज्या नातेवाइकानं आजोबांवर आवाज चढवला त्याचं बोलणं आजोबा दुपारपर्यंत विसरतात, पण तो खोलीत आला की चादर ओढून घेतात.

आता थोडं ज्ञान आणि प्रसंग यांच्याबद्दल. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी 1972 मध्ये मांडलं की 'पुणे मुळा-मुठेच्या काठी आहे' हे माहीत असणं आणि 'मी पहिल्यांदा पुण्यात उतरलो तेव्हा पाऊस होता' हे आठवणं या दोन निराळ्या स्मृती आहेत. पुढे टोरांटोचा केंट कॉक्रेन त्यांच्याकडे आला. 1981 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली होती. आपल्या घराचा पत्ता, शाळेत शिकलेलं, बुद्धिबळाचे नियम, सगळं त्याला माहीत होतं. आपला भाऊ वारला हेही माहीत होतं. पण ती बातमी कळली तो दिवस किंवा आयुष्यातला कुठलाच प्रसंग त्याला आतून परत जगता येत नव्हता. आणि टुल्व्हिंगनी विचारलं, उद्या काय करशील, तर तिथेही कोरं. गेलेला काल आठवायला जे लागतं त्यातूनच येणारा उद्या रंगवला जातो. याच्या उलट एक प्रकारचा स्मृतिभ्रंश असतो. त्यात कानशिलाच्या भागाची पुढची टोकं झिजतात. असा माणूस काल कोण आलं ते सांगतो, पण 'लिंबू म्हणजे काय?' असं विचारतो. हा आजार बऱ्याचदा उशिरा ओळखला जातो.

स्वतःची ओळखच हरवणारी माणसं जगात नसतात असं मात्र मला म्हणायचं नाही. असतात, फार थोडी. तिथे कारण बहुधा मनावरचा असह्य ताण हे असतं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा अँसेल बोर्न हा सुतारकाम सोडून धर्मोपदेशक झालेला माणूस. जानेवारी 1887 मध्ये त्यानं बँकेतून 551 डॉलर काढले आणि नाहीसा झाला. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये ए. जे. ब्राउन या नावानं त्यानं छोटं दुकान थाटलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. 14 मार्चला सकाळी तो घाबरून जागा झाला आणि तिथल्या घरातल्या लोकांना विचारू लागला की मी आहे कुठे? दुकानदारीबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. 1890 मध्ये विल्यम जेम्स यांनी त्याला संमोहित केलं तेव्हा ब्राउन बोलू लागला. तेव्हा ओळख विसरणारी नायिका हवीच असेल तर तिला जिन्यावरून पाडू नका. तिच्या आयुष्यात असं काही घडवा की तिला ती असणंच नकोसं व्हावं, आणि उपचाराला मानसोपचारतज्ज्ञ आणा. तुमच्याकडे तो कधीच येत नाही, नेहमी मेंदूचे सर्जन मास्क काढत बाहेर येतात.

नुसती तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून एक ट्रॅक फुकट देते. साठीतली सासू, एकदम ठणठणीत. भल्या पहाटे नदीच्या गार पाण्यात डुबकी मारते आणि वर येऊन विचारते, "आपण इथे कशाला आलो?" सांगितलं की पटतं. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच सुरात. दिवसभर. स्वतःचं नाव, नातवंडं, सगळं ठाऊक. संध्याकाळपर्यंत ती हळूहळू पूर्ववत होते, चोवीस तासांच्या आत. हा खराखुरा विकार आहे. पन्नाशीनंतर होतो, गार पाण्यानं किंवा एकदम झालेल्या श्रमांनी सुरू होऊ शकतो, बहुतेकांना पुन्हा होतही नाही, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये टिकलीएवढी खूण एक-दोन दिवसांनी एमआरआयमध्ये दिसते. तो दिवस मात्र तिला जन्मात परत मिळत नाही. त्या दिवशी तिच्यासमोर कोण काय बोललं, कुणी कागद पुढे करून सही घेतली, आणि तिनं ती नेहमीच्या वळणदार अक्षरात केली, हे तुम्हीच पुढे लिहा. फक्त तिला आधी रुग्णालयात न्या. पक्षाघात नाही ना, हे तपासल्याशिवाय घरी बसवू नका, कारण ते दृश्य बघून उद्या कुणीतरी खऱ्या सासूला घरी बसवेल.

आणि स्मृती अधू झालेला माणूस दाखवाल तेव्हा त्याच्या घरच्यांना एकदा तरी "सोंग करतोय" असं म्हणू द्या. मग दुसऱ्या कुणाकडून, हवं तर आमच्यासारख्या मानसतज्ज्ञाकडून, त्यांना समजावा की नवं नोंदवणारा भाग गेला तरी सवय लावणारा भाग शिल्लक असतो. आम्ही त्याच्याच जोरावर काम करतो. किल्ल्या रोज एकाच खिळ्याला, गोळ्या रोज त्याच डबीत, वही रोज त्याच खिशात, आणि मोबाईलचा गजर वाजला की वही उघडायची, इतकंच महिनोनमहिने. चुका करून शिकू देण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर करून घ्यायचं, कारण चूक झाली ही आठवण राहत नाही, पण चुकीची सवय राहते. 'ओळखा पाहू मी कोण?' ही परीक्षा रोज घेऊन कुणाचं काही परत येत नाही, माणूस फक्त रडवेला होतो. पडद्यावरच्या सुनेनं हे एकदा म्हटलं, तर मला वर्षभर सांगावं लागणार नाही.

संहिता वाचून द्यायला लागली तर मी वाचून देईन. मानधन नको, श्रेयनामावलीत नावही नको. दुसऱ्या दणक्याचा प्रसंग असेल तर मात्र पाठवू नका.

आपली,
मेंदूविकार विभागातली एक मानसतज्ज्ञ आणि नियमित प्रेक्षक